माझा चांगला गुडघा

मिनेसोटा, १९ मार्च

आदरणीय मार्लिसताई यांना,

आर्विडचा नमस्कार. यंदा फार्गोला आमच्यापेक्षा जास्त बर्फ पडल्याचं रेडिओवर ऐकलं. तुमच्या घराचं छप्पर आणि तुमची कंबर दोन्ही शाबूत असतील अशी आशा करतो. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, त्याबद्दल क्षमा असावी. पंधरा दिवस येऊन राहू का, असं तुम्ही त्यात पुन्हा विचारलंत. नाताळात फोनवर विचारलं होतं ते धरून दोनदा झालं. आभारी आहे, पण गरज नाही. माझी तब्येत उत्तम आहे. जेवणाचीही आबाळ नाही. चर्चच्या बायकांनी आणून दिलेले बटाट्या-खिम्याचे हॉटडिश अजून फ्रीजरमध्ये आहेत. (तुमची बहीण, माझी डोरीन, गेली त्याला मे महिन्यात वर्ष होईल, आणि त्यातले काही तेव्हाचेच आहेत. भांडी कुणाची ते कळत नाही, आणि विचारायला गेलो तर त्या पुन्हा भरून देतील.)

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे एक आनंदाची बातमी आहे. ती नीट कळावी म्हणून मला जरा मागे जावं लागेल. डोरीन कॉलेजात फिजिओथेरपीच्या मुलांना सांधे आणि मणके हाताने तपासायला शिकवायची, हे तुम्हाला माहीतच आहे. तिचा घरचा अभ्यास कुणावर चालायचा, हे बहुधा माहीत नसेल. एकतीस वर्षं तो माझ्यावर चालला. मी पेपर वाचत बसलेलो असताना ती माझा पाय सरळ ठेवून वर उचलायची आणि कळ कुठे जाते ते विचारायची. डोकं एका बाजूला कलतं करून वरून दाबायची आणि हाताला मुंग्या येतात का ते बघायची. रिकामा डबा पालथा धरल्यासारखे दोन्ही हात समोर धरायला लावून ते खाली ढकलायची (खांद्यासाठी, कॉफी हातात असताना हे करू नये). मी जन्मभर जमिनीची मोजणी केली, त्यामुळे पाय किती अंशांवर आहे हे न बघता सांगायचो. संसारात माझा एवढाच उपयोग आहे, असं ती म्हणायची.

ती गेल्यावर कॉलेजातल्या बाईंचा फोन आला. त्यांना नकली रुग्ण कमी पडत होते. इथे सरावासाठी आणि परीक्षेसाठी माणसं ठेवतात. त्यांना एक कार्ड मिळतं, त्यावर काय दुखतं ते लिहिलेलं असतं, आणि आपण तसं दुखतंय असं करायचं. मी हो म्हणालो. दर बुधवारी सकाळी अर्ध्या चड्डीत टेबलावर पडायचं, आणि पंचवीस मुलं पाळीपाळीने पाय ओढणार. आठवड्यात तेवढ्याच वेळी कुणी माझ्याशी बोलायचं, म्हणून बुधवार मला बरा वाटू लागला होता. अभिनय मात्र जमला नाही. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "नॉर्डाल, दुखतंय ना, मग तोंड जरा वाकडं करा." मी केलं. त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "हं, करा ना आता." शेवटी त्यांनी माझ्या कार्डावर "रुग्ण सोशिक आहे" असं लिहून टाकलं.

आता एक कबुली. ऑक्टोबरात तळ्यातला होडीचा लाकडी धक्का बाहेर काढायचा होता. बर्फ धरायच्या आत तो काढावा लागतो, आणि ते दोन माणसांचं काम आहे. दुसरं टोक दरवर्षी डोरीन धरायची. शेजारचा ऑर्व्हिल कुंपणापाशी येऊन म्हणाला, "हात लावू का?" मी म्हणालो, नको, जमेल. तो म्हणाला, "बघ हं, मोकळाच आहे मी." मी म्हणालो, नको रे, कशाला तुला त्रास. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की बूट घालायला लागायचं. पण ऑर्व्हिलची बायको आयोवाची आहे, तिच्या सहवासात त्याची सवय मोडली असावी. तो दोनदाच विचारून घरात गेला. मग मी एकटाच पाण्यात उतरलो. उजवा पाय गाळात रुतला, धक्का डावीकडे फिरला, आणि धक्क्याबरोबर मी फिरलो. पाय तिथेच राहिला. आत काहीतरी फाटल्याचा आवाज मला ऐकू आला. धक्का मात्र बाहेर काढला.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. नकली रुग्ण खरोखर दुखावलेला नसावा, असा कॉलेजचा नियम आहे. बुधवार गेला असता. नशिबाने माझ्या कार्डावर डावा गुडघा होता. उजवा गुडघा माझा चांगला, म्हणजे कार्डाप्रमाणे चांगला. पण डोरीनने त्या कॉलेजात एक सवय लावून ठेवली आहे, की आधी चांगली बाजू तपासायची, म्हणजे दुखरी बाजू किती वेगळी आहे ते हाताला कळतं. त्यामुळे दर बुधवारी प्रत्येक मूल आधी माझ्या खऱ्या दुखऱ्या गुडघ्याला हात घालायचं. मी छताचे चौकोन मोजायचो. (एकशे बारा आहेत, एक तुटका.) मुलं घाईत असत. चांगली बाजू म्हणून नावापुरती हलवायची आणि डावीकडे वळायची. पंचवीसपैकी चोवीस जणांना काही कळलं नाही, याचा मला थोडा अभिमानही वाटू लागला होता.

पंचविसावी सॉल्वेग टॉलेफसन. तिचं वय शेहेचाळीस. साठ गाई विकून ती हा कोर्स शिकायला आली. ही डोरीनची शेवटची विद्यार्थिनी. हात असे की माझा पाय पहिल्यांदा उचलला तेव्हा अठ्ठ्याण्णव अंशांवर गेला. मी आकडा सांगितला तर म्हणाली, "अगं बाई, वासरू नाही का हे." प्रात्यक्षिक परीक्षेत ती एकदा नापास झाली होती, कारण रुग्णाने परीक्षा संपायच्या आधीच घरी जायची परवानगी मागितली. डोरीन आजारी असतानाही तिला आमच्या स्वयंपाकघरात बोलवायची. खुर्चीतून सांगायची, "पोतं उचलतेस तशी धरू नकोस गं, गाईचा सड तपासतेस तशी धर." नियमाप्रमाणे परीक्षेला दुसऱ्यांदा बसता येतं, तिसऱ्यांदा नाही. म्हणजे गेल्या बुधवारी ती नापास झाली असती तर कोर्स संपला, आणि गाई तर आधीच गेलेल्या.

परीक्षक होते डॉ. एलिझोंडो. माणूस चांगला आहे, पण टेक्ससचा. पंधरा मिनिटांचं घड्याळ त्यांनी लावलं. सॉल्वेगने हात चोळून गरम केले आणि माझा उजवा पाय घेतला. गुडघा पूर्ण दुमडला, एक बोट सांध्याच्या फटीवर ठेवलं, टाच धरून पाऊल बाहेर वळवलं आणि पाय सावकाश सरळ करू लागली. सड तपासावा तशी. इतक्या सावकाश आजवर कुणी, तिनेही, केलंच नव्हतं. अर्ध्यावर आत खट्ट झालं.

ती थांबली. मी छताकडे बघत होतो. तिने पुन्हा केलं, पुन्हा खट्ट. म्हणाली, "काका, दहापैकी किती दुखलं?" मी म्हणालो, दोन. डॉ. एलिझोंडोंनी कागदावर दोन लिहिलं.

"सर, ते खोडा," सॉल्वेग म्हणाली. "इथला माणूस दोन म्हणाला म्हणजे तो शुद्धीवर आहे एवढंच. नॉर्डालबाईंनी शिकवलंय, इथल्या आकड्याला तीनने गुणायचं, आणि माणूस नॉर्वेकडचा असेल तर वर एक मिळवायचा."

ते म्हणाले, "पण कार्डावर डावा गुडघा आहे."

"कार्डावर असेल. पायावर उजवा आहे."

"त्यांच्या चेहऱ्यावर तर काही दिसत नाही."

"माझ्या साठ गाईंपैकी एकीच्याही चेहऱ्यावर दिसायचं नाही. पायाची बोटं बघा."

आम्ही तिघांनी माझ्या पायाच्या बोटांकडे बघितलं. ती मुठीसारखी आवळलेली होती. मला याची कल्पना नव्हती.

डॉक्टर म्हणाले, घड्याळ चालू आहे, कार्डाप्रमाणे करा, नाहीतर तुमचे गुण जातील. सॉल्वेगने माझा पाय सोडला नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "गेले तर गेले. हे असंच सोडून मी पलीकडे जाणार नाही." मग मला म्हणाली, "कधी झालं हो काका?" मी म्हणालो, ऑक्टोबरात. ती म्हणाली, "आणि पाच महिने आम्हाला सगळ्यांना ओढू दिलंत?" तिने तपासणी पुरी केली, गुडघ्यातली गादी आतल्या बाजूला फाटली असावी असं सांगितलं, डॉक्टरांना स्वतः करून बघायला लावलं, त्यांच्या बोटालाही खट्ट लागलं, आणि तेवढ्यात घड्याळ वाजलं. डाव्या गुडघ्याला अजून हातही लागला नव्हता. तपासणी अपुरी, म्हणजे नापास. डॉक्टर खरोखर हळहळले, पण नियम तो नियम, म्हणाले. सॉल्वेग हात पुसू लागली.

मार्लिसताई, मी सभेत कधी बोललो नाही. आमच्या लग्नातही माझ्या वतीने तुमचे आणि डोरीनचे वडील बोलले. पण त्या दिवशी मी अर्ध्या चड्डीत उठून बसलो आणि म्हणालो, "कलम चौदा."

डॉक्टर म्हणाले, काय? मी म्हणालो, गुणपत्रिकेच्या मागची बाजू बघा. ती गुणपत्रिका डोरीनची आहे, कॉलेज अजून तीच वापरतं. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने सांगितली आणि मी टाइप केली. त्यात चौदावं कलम असं आहे: चांगल्या बाजूला खरा दोष आढळल्यास घड्याळ थांबवावं, दोषाची तपासणी पुरी होऊ द्यावी, आणि मग उरलेला वेळ द्यावा. एकोणीस वर्षांपूर्वी टाइप करताना मी म्हणालो होतो की असं कधी होणार आहे, उगाच एक ओळ वाढवतेस. ती म्हणाली होती, होईल, तू टाइप कर.

डॉ. एलिझोंडोंनी कागद उलटला. दोनदा वाचला. मग म्हणाले की घड्याळ तिसऱ्या मिनिटाला थांबायला हवं होतं, आणि ते बारा मिनिटांवर लावलं. सॉल्वेगने माझा डावा गुडघा नऊ मिनिटांत तपासला. मी कार्डाप्रमाणे आतल्या बाजूला दुखल्याचं केलं, आणि डॉक्टर सांगतात की या वेळी तोंड थोडं वाकडं झालं होतं. सोमवारी निकाल लागला. शंभरपैकी सत्त्याण्णव. तीन गुण गेले ते परीक्षकांशी वाद घातल्याबद्दल, ते डोरीनच्या कलम नऊप्रमाणे, तेव्हा माझी तक्रार नाही. गुडघ्याचा मोठा फोटोही काढला. जिथे सॉल्वेगचं बोट होतं बरोबर तिथेच फाटलं आहे. फोटो मी फ्रीजवर लावला आहे.

असा हा सगळा आनंद आहे. वहिनी असती तर असं म्हणाली असती, तसं म्हणाली असती, असं लोक डोरीनबद्दल मला सांगत असतात. ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. म्हणाली असती, सांगितलं होतं ना. त्या खोलीत बसल्याबसल्या मला ते स्वच्छ ऐकू आलं, आणि फार बरं वाटलं.

तुमच्या कमरेला जपा. बर्फ उपसताना वळू नका, पावलं हलवा.

तुमचा,
आर्विड

ता.क. तब्येत उत्तम आहे असं वर लिहिलं, त्यात उजवा गुडघा धरू नये. नऊ एप्रिलला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आहे. दोन आठवडे गाडी चालवायची नाही आणि सुरुवातीला घरात कुणीतरी असावं असं म्हणतात. घरी कोण आहे, असं तिथल्या नर्सबाईंनी विचारलं. मी म्हणालो, आहेत. त्यांनी नाव लिहायला जागा दाखवली. ती अजून कोरी आहे.

ता.क. २. बुधवार गेला नाही. बरा झाल्यावर मी खरा रुग्ण म्हणून टेबलावर पडावं, असं डॉ. एलिझोंडो म्हणाले. अभिनयाची गरज पडणार नाही.

ता.क. ३. डोरीनवाचून कसं चाललंय, असंही तुम्ही विचारलं होतं. दहापैकी दोन.

ता.क. ४. येऊ का म्हणून तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा नको म्हणालो. तुमच्या घरातलं तर कुणीच आयोवाचं नाही. कृपा करून आणखी एकदा विचारा.