लाल ठिपक्याची वॉरंटी

मी, जालिंदर गणपत होवाळ, वय वर्षे ६७, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार इस्लामपूर, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझी पत्नी येसूबाई हिचे मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनचे आहे. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली असल्याने ती रद्द समजावीत.

१. राहते घर येसूबाईचे. तिने स्वतः म्हटल्याशिवाय "आता आमच्याकडे राहायला चल" असे तिला कोणी म्हणू नये. तिच्यामागे घर मिलिंद आणि आम्रपाली या माझ्या दोन मुलांना निम्मे निम्मे. बँकेत जे काही असेल तेही येसूबाईचेच. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे.

२. मिलिंद फलटणला साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याला दहाचा पाना आणि बाराचा पाना यातला फरक कळत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी जुनी जीप त्याला द्यावी. ती चालू होत नसली की त्याने बहिणीला फोन करावा.

३. शेजारचे टायरवाले तानाजी यांनी २००९ साली दोन दिवसांसाठी नेलेला जॅक त्यांना बक्षीस दिला आहे. म्हणजे येसूबाईला त्यांच्या नावाने बोटे मोडायचे कारण उरणार नाही.

४. अर्जुना माझ्याकडे बावीस वर्षे काम करतो. माझी हत्यारपेटी आणि कॉम्प्रेसर त्याला. गॅरेज कोणाकडेही गेले तरी त्याचे काम त्याची इच्छा असेल तोवर राहील.

५. लाल नेलपॉलिशची बाटली. येसूबाईने लग्नानंतर एकदाच लावली आणि हाताला शोभत नाही म्हणून टाकून दिली. ती मी गॅरेजात नेली. तेव्हापासून तोच रंग आणतो. बोल्ट पुरता आवळला की त्यावर एक ठिपका. ठिपका दिला की त्या बोल्टची जबाबदारी आपली, हे मी आम्रपालीला ती सातवीत असताना शिकवले. ही बाटली कोणाला द्यायची ते कलम ८ मध्ये येईल.

६. माफी. ही मिळकतीत धरत नाहीत असे वकीलसाहेब म्हणतात, तरी लिहितो.

पाच वर्षांपूर्वी भाऊसो या माझ्या गिऱ्हाइकाने दीड वर्षाची डिझेल गाडी आणली. आंबा घाटात मेव्हण्याची गाडी पुढे निघून जाते, एवढेच त्याचे दुखणे. इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवायची, याला आम्ही ट्यूनिंग म्हणतो. त्याने विचारले, वॉरंटीला काय होते का. मी म्हणालो, "काय हुत न्हाई गड्या."

हे खोटे होते. ट्यूनिंगने सगळी वॉरंटी जात नाही, हे खरे. एसी, काचा, रंग यांना धक्का लागत नाही. पण वाढवलेल्या ताकदीने टर्बो, इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर कंपनी हात वर करते, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. हे मला पाठ होते.

पाच महिन्यांत टर्बो गेला. मी मूळ फाइल परत भरली, ट्यूनिंगच्या वेळी काढलेला कंपनीचा एअर फिल्टर परत बसवला, पाइपांचे बोल्ट आवळले आणि भाऊसोला साळसूद चेहरा करायला सांगून सांगलीला विश्रामबागच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवले. तिथे वॉरंटीचे क्लेम आम्रपाली तपासायची. माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

फाइल किती वेळा लिहिली त्याचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. तो तिने पाहिला. पण त्याआधी तिला टर्बोच्या पाइपांच्या बोल्टांवरचे लाल ठिपके दिसले. लबाडी करतानाही मला ठिपका दिल्याशिवाय हात काढता आला नव्हता.

तिने फोन केला. "आप्पा, ही गाडी तुमच्या हातची हाय."

मी म्हणालो, "मग पास कर की. कोण बघतंय?"

"मी बघतीया," ती म्हणाली.

तिने खरे ते लिहिले. क्लेम नामंजूर झाला. भाऊसोला नवा टर्बो मी बसवून दिला. त्याने मला एका चहावर माफ केले. मी मात्र पोरीशी बोलणे टाकले, आणि ती कंपनीची झाली असे गावभर सांगत फिरलो. क्लेम गेल्याचे आता काही वाटत नाही. मी तिला खोट्यावर सही करायला सांगितले, याची लाज वाटते. आम्रपाली, माझे चुकले.

७. ट्यूनिंगच्या लॅपटॉपमध्ये एकशे त्रेचाळीस गाड्यांच्या मूळ फायली आहेत. कोणाला गाडी पूर्ववत करायची असेल तर फुकट करून द्यावी. मात्र वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूममध्ये खरे सांगायचे, ही अट गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवावी.

८. गॅरेज, जागेसह आणि बोर्डासह. आम्रपालीला नोकरी सोडून स्वतःचे गॅरेज काढायचे आहे, असे येसूबाईकडून कळले. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराला मिळकत देऊ नये, मागाहून वाद होतात. माझी पंचाईत इथेच आहे. खोट्यावर सही न करणारे एकच माणूस मला माहीत आहे, म्हणून साक्षीला मला तीच हवी. आणि गॅरेजही तिलाच द्यायचे आहे.

म्हणून साक्षीदारांत तिचे नाव टाइप केले आहे. तिने सही केली तर गॅरेज अर्जुनाला जाईल, आणि तिने मला माफ केले एवढ्यावर मी समाधान मानीन. तिने नाव खोडले तर गॅरेज आणि बाटली तिची. आज तिला बोलावले आहे. ती आलीच नाही तर हा कागद फाडून चौथा लिहावा लागेल, आणि त्यात काय लिहायचे ते मला सुचत नाही.

ठिकाण: इस्लामपूर
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५

सही: जालिंदर गणपत होवाळ

साक्षीदार १: उदयसिंह, निवृत्त शिक्षक, समोरचे घर. सही केली.

साक्षीदार २: आम्रपाली जालिंदर होवाळ. (नाव खोडले आहे.)

खाडाखोडीबाबत, माझ्या हस्ताक्षरात: आम्रपाली साडेअकराला आली. सगळा कागद दोनदा वाचला. कलम ६ तीनदा. मग माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि म्हणाली, "आप्पा, साक्षीला दुसरं माणूस बघा. मला गॅरेज पायजे." नाव तिने माझ्यासमोर खोडले, मला मान्य आहे. खोडल्या जागी वकीलसाहेबांनी माझी सही मागितली. मी सही केली. तिने बाटली उघडून सहीशेजारी ठिपका दिला.

साक्षीदार २ (बदली): भाऊसो, ऑइल बदलायला आलो होतो. दोघांच्या सह्या, बापाची पेनाने आणि लेकीची ठिपक्याने, माझ्यादेखत झाल्या. ठिपका ओळखीचा आहे.