दोन दिवस, चार दिवसांचा पगार

६ मार्च, सकाळ
राखीव फौजेचा पहिला पगार आज. एरवी चष्म्याचं दुकान, महिन्यातून एक शनिवार-रविवार फौज. हिशेब सरळ आहे. महिन्याच्या पगाराचे तीस भाग, दोन दिवसांचे दोन. बायकोला कालच समजावला. हिशेबात मला कोणी हरवत नाही.

६ मार्च, दुपार
चार भाग जमा झालेत. म्हणजे दोन जास्तीचे, ठेवून घेतले तर कोणी चोरी म्हणेल. फौजेचं कोर्ट वेगळं असतं म्हणे. गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली.

८ मार्च
ठरलं. उद्या छावणीत जाऊन आमच्या तुकडीच्या हवालदारांना सांगायचं. मी भित्रा नाही.

९ मार्च
दुकानात फार गर्दी. दोन गिऱ्हाइकं. जमलं नाही. बायको म्हणाली, पगारातून मुलीला सायकल घेऊ या. मी म्हणालो, त्या पैशाला हात लावायचा नाही.

१४ मार्च
दारात लष्करी जीप थांबली. मी मोरीत कडी लावून. ड्रायव्हर पत्ता विचारत होता. बायकोला सांगितलं, नळ दुरुस्त करत होतो. नळ आता खरोखर गळतोय.

२० मार्च
आज फौजेचा शनिवार. नवा प्लॅन. आधी निष्ठा दाखवायची, म्हणजे शिक्षा कमी. हवालदारांनी विचारलं, पॅराशूटच्या उड्यांना कोण येणार? हात वर केला. एकट्यानेच. गच्चीच्या कठड्याशी मला उभं राहवत नाही, पण नावं नुसती लिहून घेतात. प्रत्यक्षात कोणी नेत नाही.

२१ मार्च
शेवटी हवालदारांना गाठलं. म्हणालो, साहेब, दुप्पट पैसे आलेत, मी मागितले नव्हते.
ते म्हणाले, अरे बाबा, आपल्याकडे दिवस नाही, हजेऱ्या मोजतात. दिवसाला दोन, सकाळची आणि दुपारची. एका हजेरीला एका दिवसाचा पगार. दोन दिवसांत चार झाल्या. भरतीच्या वेळी सांगितलं होतं की.
तेव्हा मी मान डोलावली होती.
जीव भांड्यात पडला. मग सहज विचारलं, ते पॅराशूटचं नाव काढता येईल का? घरी जरा अडचण आहे.
म्हणाले, कालच वर गेलं. एकच नाव, कर्नलसाहेब खूश आहेत.

१६ मे, संध्याकाळ
उडी झाली. मी मारली असं म्हणवत नाही, पाठीवर हवालदारांचा हात होता. डोळे मिटलेले. खाली आल्यावर कळलं, कोर्स पाच उड्यांचा असतो, अजून चार बाकी आहेत.
बायकोने विचारलं, भीती वाटली का? म्हणालो, छे.
खाली बसून तिने माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. माझ्या हातांना गाठ सापडत नव्हती.