विहिरीचा पट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. गेला असता तर रविवारची अख्खी दुपार तुम्हाला लिहिण्यात घालवली नसती.

मी अकरा वर्षांची होते. आसेगावच्या घराच्या ओसरीत तुम्ही दर रविवारी पोस्टमास्तर काकांशी बुद्धिबळ खेळायचात. पहिल्या बारा चाली तुमच्या वहीत लिहिलेल्या, दोघांनाही पाठ; त्या होईपर्यंत कुणी मान वर करत नसे. मला कंटाळा यायचा. म्हणून मी जुन्या पोत्यावर कोळशाने माझा पट आखला. मधल्या चार घरांची विहीर केली. तिथे गेलेला मोहरा बुडाला. चालीआधी ज्याने त्याने आपापले चार फोडलेले चिंचोके टाकायचे. चारही पांढरी बाजू वर करून पडले, की तेवढ्या चालीपुरता आपला कुठलाही मोहरा घोड्यासारखा उडणार. पाठ केलेलं कामाचं नाही, समोर येईल तसं खेळायचं. तुम्ही हसून म्हणालात, "दाखव बरं तुहा खेळ." अर्ध्या तासात माझ्या प्याद्याने घोड्याची उडी घेतली आणि तुमचा राजा अडकला. काका मांडीवर थाप मारून हसले, "गुरुजी, पोरीनं तुमाले विहिरीत ढकललं नं!" तुमचा चेहरा मला अजून दिसतो. "लबाडी हाय ही! बुद्धिबळाले डोकं लागते," म्हणत तुम्ही पोतं उचललं आणि न्हाणीच्या चुलीत कोंबलं. आई कणीक मळता मळता ओरडली, "काहून जाळून राह्यले? लेकराचा खेळ हाय तो!" तुम्ही ऐकलं नाही. तुम्हाला हरणं सहन झालं नाही, एवढंच.

मग ती वही माझ्या गळ्यात पडली. एक चाल चुकली की ताट पुढे येत नसे. तालुक्याची बक्षिसं आणली, ती तुम्ही भिंतीवर टांगली. मला खेळायला आवडतं का, हे एकदा तरी विचारलंत? तुम्ही गेलात आणि मी कित्येक वर्षं पटाला हात लावला नाही. आता मंगरूळपीरला माझ्या पुढच्या खोलीत मुलं तोच विहिरीचा पट खेळतात. आईबाप विचारतात, "याचं सर्टिफिकेट भेटते काय मॅडम?" मी नाही म्हणते, तरी मुलं येतात. भांडतात, हसतात, हरली की लगेच दुसरा डाव मांडतात. हे जाळलंत तुम्ही, बाबा. हे.

आज सकाळी किन्हीराजाहून येणारी एक मुलगी चिंचोका बोटांत फिरवत म्हणाली, "मॅडम, याची काळी बाजू घासून पांढरी केली तं कोनाले समजन?" मी तिच्यावर केवढ्याने तरी ओरडले. ती रडायला लागली. तिने तर नुसतं विचारलं होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. पोतं जाळायला नको होतं, हे मी अजूनही म्हणते. पण त्या दिवशी तुम्ही पोत्याबरोबर माझे चिंचोकेही उचलून पाहायला हवे होते. चारातले तीन मी आदल्या दिवशी न्हाणीच्या दगडावर घासून दोन्हीकडून पांढरे केले होते.