साहेबांचं बोट आणि माझी पट्टी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (पाया पडते, माघार घेत नाही). तुमची झोप आणि मामीचे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे, नोकरी तेवढी अत्यवस्थ.

तुमचं पत्र मिळालं. साहेब तुमचे शाळासोबती, त्यांनी तुमच्या शब्दाखातर मला डिझाइनला घेतलं, तेव्हा मुकाट्याने माफी माग, असं तुम्ही लिहिलंय. मागणार नाही. आधी ऐका. आमचा डबा म्हणजे तुमच्या उशाशी आहे तोच, वीज गेली की श्वासाचं यंत्र बॅटरीवर चालू ठेवणारा. त्यातला सगळा भार नखाएवढ्या एका ट्रान्झिस्टरवर. तो तापतो, म्हणून त्याला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जोडायची, म्हणजे उष्णता पसरते. पण पट्टीने डबा बोटभर जाड होतो आणि जाड डबा विक्रीवाल्यांना खपत नाही. (त्यांच्यापैकी कुणी त्याच्या भरवशावर झोपत नाही.) पट्टी हवी की नको हे ठरवायची साहेबांची रीत अशी, की चालू ट्रान्झिस्टरवर बोट ठेवायचं, सोसलं तर पास. आता साहेबांचा उभा जन्म सोल्डरिंग करण्यात गेलेला. त्या बोटाला निखारासुद्धा कोमट लागतो. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्यांनी बोट ठेवून गार असल्याचं जाहीर केलं. मग मी ठेवलं. हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नका. तेव्हा मी बोलले ते एवढंच: "साहेब, तुमचं बोट प्रत्येक डब्यात घालून पाठवणार आहात का?"

तेव्हापासून हुकूम आहे की बिनपट्टीच्या डिझाइनवर सही कर, नाहीतर घरी जा. मी सहीही करत नाही आणि घरीही जात नाही. रोज वेळेवर येऊन बसते. विक्रीवाले मला पट्टीवाल्या बाई म्हणतात. म्हणोत बापडे, हसतील त्यांचे दात दिसतील. नोकरी गेली तर दुसरी शोधीन, पण माझ्या सहीचा डबा ऐन वेळी दगा देणार नाही. मामीला नमस्कार.

तुमची हट्टी भाची

ता. क. काल सगळे जेवायला गेल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या आईला तुमच्यासारखंच श्वासाचं यंत्र लागलंय. एक पट्टीवाला डबा दे म्हणाले, आणि कुणाला सांगू नकोस. (तुम्हीही सांगू नका.)

आणखी ता. क. मामा, तुमच्याकडचा डबा साहेबांनी मैत्रीखातर दिलेला पहिला नमुना आहे, बिनपट्टीचा. सोबत माझा पाठवते आहे. दिसायला बेढब आहे, तरी आजच बदला. मग मला हवं तेवढं रागवा. रागवायलासुद्धा श्वास लागतो.