चेटकिणींचं तळं आणि आपलं दूध

बालीगंज, कलकत्ता
१० मे १९७२

ती. काकूस,
कालिंदीचा साष्टांग नमस्कार.

दूध नासलं की त्या दिवशी घरात कोण वावरलं हे आपल्याला लगेच आठवतं. पण तेच माणूस घरात असताना दूध चांगलं राहिलं, ते दिवस का बरं आठवत नाहीत?

विलायतेत जाऊन मी चेटकिणींच्या जागा पाहिल्या म्हणून तुम्ही हसलात. तिथल्या एका खेड्यात तळं आहे. दूध नासवल्याचा आळ आलेल्या बाईला पूर्वी बांधून त्यात टाकत. जागा दाखवणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, "बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण."

मी विचारलं, "मग सुटायची कशी?"

"सुटावी म्हणून कोणी टाकत नसे, बाई!"

मला तिथे आपल्या श्यामलावहिनी आठवल्या. दादा गेल्यापासून तुम्ही सुनेला दुधाजवळ फिरकू देत नाही. रविवारी तुमच्या वैशालीच्या बाळाचं बारसं, आणि "तिची दृष्ट नको, तिनं खोलीतच बसावं," असं तुमचं म्हणणं. पाळण्याखालून बाळ द्यायला-घ्यायला दोघी लागतात, काकू. एक मी, दुसऱ्या वहिनीच असतील.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुम्ही घडी घालून ठेवून द्याल. उद्या सकाळी बागबाजारला तुमच्याकडे येऊन समोरच सांगते. एकाच बाटलीतलं कच्चं दूध दोन सारख्या वाट्यांत ओता. एक वाटी वहिनींसमोर ठेवा, दुसरी तुमच्या देवघरात, देवीच्या नजरेखाली. मग या उकाड्यात संध्याकाळी दोन्ही स्वतः चाखून पाहा.

तुमची पुतणी,
कालिंदी