शिकायच्या पैशांचा सोफा

१२ जून

चि. बबडी,
अ. उ. आ. आणि वर एक टपली.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहायला बसलो. दातांच्या डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला गेलीस म्हणजे मामाला विसरायची परवानगी मिळाली असं समजू नकोस. माझी उजवीकडची दाढ तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. दुसऱ्या कुणाला तोंडात हात घालू देणार नाही. फक्त तू जरा लवकर पास हो, कारण हल्ली गार पाण्यानेही ब्रह्मांड आठवतं.

इकडे एक नवलच झालं. तुझ्या बाबांनी माझ्याकडून सोफा करून घेतला. साधासुधा नव्हे, कोपऱ्यात वळणारा, सात जण ऐसपैस बसतील असा. गडद हिरवी मखमल, आत उत्तम फोम, पाठीला हाताने ओढून घातलेली बटणं. कारखान्यात महिनाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. आणि ऐक, दाजींनी भाव केला नाही. जुन्या खुर्चीचं रेक्झिन बदलताना ज्या माणसाने मला पाजलेला चहासुद्धा मजुरीतून वळता केला होता, त्यांनी सगळी रक्कम एप्रिलमध्येच, रोख आणि आगाऊ, हातावर ठेवली. मी घरी येऊन तुझ्या मामीला म्हटलं, दाजींची तब्येत तर बरी आहे ना. त्यांनी छताखाली दुसरं छत ठोकून घेतलंय, त्यात निळे-जांभळे दिवे. मुलगी डॉक्टर होणार म्हणजे बैठकीची खोली तशी नको का, असं म्हणाले. मला पटलं. असलं काम वर्षानुवर्षांत मिळत नाही गं, मी हरखून गेलो होतो.

तुझी हत्यारं घेऊन झाली का? मी जामीन राहिलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी फीशिवाय वसतिगृह, पुस्तकं आणि हत्यारं धरून कर्जाची रक्कम काढली होती. त्यात चिकटपणा करू नकोस. हत्यार हलकं घेतलं की काम बोंबलतं, हे मी माझ्या कात्रीवरून सांगतो.

मामी आशीर्वाद सांगते. आमच्यावरचा जीव आटू देऊ नकोस.
तुझा मामा


२७ जून

ती. मामा,
सा. न. वि. वि. टपली पोचली.

फोनवर मला रडू येतं म्हणून लिहिते आहे. तुमचं पत्र वाचताना दाढेपर्यंत हसले आणि सोफ्यापाशी अडकले.

मामा, माझ्याकडे हत्यारं नाहीत. या महिन्यापासून आम्हाला पेशंट दिले आहेत आणि प्रत्येकीने आपला संच आणायचा असतो. मी वरच्या वर्गातल्या एकीचा भाड्याने घेते, तिचं काम आटोपलं की. मग तो निर्जंतुक होऊन येईपर्यंत माझा पेशंट खुर्चीत ताटकळतो. परवा एक आजोबा वैतागून तसेच सुजलेल्या गालाने उठून गेले. मॅडमनी स्पष्ट सांगितलं आहे, जुलैअखेर स्वतःचा संच दाखवला नाही तर हे वर्ष पुन्हा करावं लागेल. वसतिगृहाचे पैसेही थकले, म्हणून मला धोबीखान्याशेजारच्या खोलीत हलवलंय. भिंतीला ओल आहे, दिवसभर मशीनची घरघर, आणि माझ्या पुस्तकांनासुद्धा साबणाचा वास येतो.

बाबा एप्रिलपासून सांगत होते की बँक पैसे सोडत नाही. मी मनातल्या मनात बँकेला शिव्या मोजत होते. शेवटी सोमवारी इथल्या शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, फी परस्पर कॉलेजला गेली आणि बाकीची सगळी रक्कम एप्रिलमध्येच खात्यात येऊन निघालीसुद्धा. ते खातं माझं आणि बाबांचं मिळून आहे. मी विचारलं, हे चालतं का. त्या म्हणाल्या की राहण्या-खाण्याला दिलेल्या पैशांचं घरात काय होतं ते आम्ही बघत बसत नाही, हप्ते वेळेवर आले की झालं, बऱ्याच घरांत असंच चालतं. हे त्या पाण्याचा घोट घ्यावा तसं सहज म्हणाल्या.

बाबांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, हसले. घराची शोभा वाढली ती तुझीच, असं म्हणाले. मामा, तुम्हाला एप्रिलमध्ये मिळालेले पैसे तेच आहेत. तुम्हाला हे लिहिताना लाज मला वाटते आहे, ज्यांना वाटायला हवी ते दिव्यांखाली बसले आहेत. मी काय करू, एवढंच सांगा.

मामींना नमस्कार. तुमची माया पाठीशी असू द्या.
तुमची बबडी


३ जुलै

श्री. दाजी,
नमस्कार घातला असं समजा. वि. वि.

बबडीचं पत्र आलं. मला ओकारी आली, दाजी. दुसरा बरा शब्द मी शोधला, मिळाला नाही.

मोठ्या तोऱ्यात माझ्या हातावर नोटा ठेवल्यात, तेव्हा तुमची पापणी लवली नाही. मी येडा, खुशीत घरी आलो. त्या पैशांतून बायकोला चपला घेतल्या, कारागिरांना वरकड मजुरी दिली. पोरीचं ताट ओढून मी माझ्या घरात वाढलं आणि मला पत्ता नाही. तिकडे ती ओल्या खोलीत निजते, दुसरीचं हत्यार मागत फिरते, आणि तुम्ही तिला बँकेच्या नावाने थापा मारता.

घर गळत होतं म्हणून घेतले असतेत तर मी एक अक्षर बोललो नसतो. औषधाला कमी पडले म्हणून घेतले असतेत तर आणखी कुठे सही करू विचारलं असतं. तुम्ही निळे दिवे लावलेत. लोकांना सांगत सुटलात की मुलगी डॉक्टर होतेय, आणि ती डॉक्टर होऊ नये अशी पुरेपूर व्यवस्था केलीत.

मी जामीन तिच्या शिक्षणाला राहिलो, तुमच्या हौसेला नाही. या महिन्यात रक्कम तिच्याकडे पोचली पाहिजे. कशी, ते तुमचं तुम्ही बघा.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तुमच्याकडे तो आधीच बक्कळ आहे.
आपला मेहुणा


९ जुलै

रा. रा. मेहुणेबुवांस,
अनेक आशीर्वाद व रक्तदाब सांभाळण्याची प्रेमळ सूचना.

तुमचं पत्र वाचून करमणूक झाली. तुम्ही कारागीर माणूस, भावनेवर जाता. मी जन्मभर कचेरीत हेडक्लार्की करत आलो, मला कागद समजतो. शिक्षणाच्या कर्जाचं व्याज इतकं हलकं असतं की मिळत असताना न उचलणं हाच गाढवपणा. घराच्या सजावटीला म्हणून मागायला गेलो असतो तर याच्या दुप्पट पडलं असतं. मुलीचं कर्ज म्हणजे घराचंच कर्ज. ती पुढे खोऱ्याने ओढणार, त्यातलं चिमूटभर मी आज घेतलं. बापाचा तेवढाही हक्क नाही का? आणि हत्यारं जर भाड्याने मिळतात तर विकत घेण्याचा अट्टाहास मला कळलेला नाही. खोली बदलली म्हणता, तर आपण काय महालात शिकलो?

आता जरा नाजूक मुद्दा. त्या रकमेतला सगळ्यात जाड तुकडा कुणाच्या खिशात गेला? तुमच्या. नफा घेतलात, चपला घेतल्यात, आणि आता साधूचा आव आणता. आपण दोघे एकाच पंगतीतले आहोत, मेहुणे, तेव्हा आवाज बेताने.

कर्जाचा पुढचा भाग ऑगस्टमध्ये सुटेल. जामीनदाराची सही महिनाअखेर लागते, विसरू नका. मी एक गाडी बघून बयाणा देऊन ठेवला आहे. पहिली चक्कर तुम्हालाच मारून आणीन.

रागावता म्हणजे आपुलकी आहे, ती टिकवावी.
आपला दाजी


१७ जुलै

चि. बबडी,
अ. उ. आ.

तू स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडलंस हे शहाणपणाचं केलंस. त्यात पैसे पाठवले आहेत. दाजींनी मला दिले होते तेवढे सगळे, फोमचे, मखमलीचे आणि मजुरीचेही. आभार मानशील तर मार खाशील, ते तुझेच होते. आज हत्यारं घे. उद्या नको, आज.

आता पैसे मी परत केले म्हणजे सोफा माझा झाला. म्हणून रविवारी टेम्पो आणि दोन माणसं घेऊन तुमच्या घरी गेलो. दाजींच्या कचेरीतले पाच-सहा जण त्यावर बसून चहा पीत होते, आणि विषय काय, तर हल्लीच्या पोरांना पैशाची किंमत नाही. मी हात जोडून सगळ्यांना उठायला सांगितलं. दाजींना थट्टा वाटली, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी कारण सांगितलं, खणखणीत आवाजात, त्या निळ्या उजेडात. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. एक गृहस्थ कप-बशी धरून उभेच राहिले, कारण ठेवायला काही उरलं नव्हतं. दाजी मला नाही, त्या लोकांना समजावत बसले की व्याजाचा दर किती हलका आहे. तोंडाला फेस येईपर्यंत तेच.

मला वाटलं होतं मजा येईल. आली नाही. सोफा दारातून निघेना, तेव्हा सांध्यावर उसवून दोन भाग केले. माझंच काम, माझीच शिलाई, आणि हात लावायची शिसारी येत होती. तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, ताई काहीतरी बोलेल, निदान रडेल. तिने मला बाजूला घेऊन विचारलं की पाहुणे जायची वाट का पाहिली नाहीस. तिने बाकी काही विचारलं नाही. मी घरी येऊन जेवलो नाही.

पुढच्या सहीचं तू सांगशील तसं. तुझे पैसे तुझ्या एकटीच्या खात्यात येणार असतील तर मी धावत येऊन सही करीन. दाजींचं नाव मध्ये असेल तर माझं पेन हरवलं आहे.

दाढ शांत आहे. तूही शांत राहा आणि मामावर माया ठेव.
तुझा मामा


२२ जुलै

चि. बाळा,
पोटभर आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घाल. मामाने केलं ते बरं नाही केलं. बैठकीची खोली ओकीबोकी झाली आहे. तुझे बाबा त्या दिवसापासून कचेरीत डबा एकटेच खातात. चारचौघांत त्यांची मान खाली गेली, ती तुला बघवली असती का?

तुला एक सांगते, मामालाही ठाऊक नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच पैशांत झालं. मला आता सुई ओवता येते, समोरच्या गच्चीवरचे कपडेसुद्धा ओळखू येतात. तुला अभ्यासात काळजी नको म्हणून कळवलं नाही. तेव्हा सगळेच काही दिव्यांत गेले नाहीत. बाबांना अगदी वाईट ठरवू नकोस.

तुझं ऐकलं की वाटतं, तू परकी झालीस. तुला वाढवताना आम्ही कधी मोजलं का, कुणाचं किती खर्चलं ते? घरात तुझं काय नि माझं काय, बाळा. मामाने पाठवलेले पैसे इकडे पाठवून दे, नाहीतर गाडीचा बयाणा बुडेल. आणि पुढच्या वेळी बाबांचं नाव खात्यात राहू दे. दोन ओळींची माफी लिहिलीस तर ते विरघळतील, मी त्यांना ओळखते.

जेवत जा. तुझी माया तशीच असेल ना?
तुझी आई


३१ जुलै

ती. आई,
सा. न. हा फक्त तुला.

हत्यारांचा संच घेतला. मॅडमनी एकेक उचलून पाहिलं आणि माझं नाव वर्गात राहिलं. काल ते सुजलेल्या गालाचे आजोबा परत आले होते, मी त्यांना निरोप धाडला होता. या वेळी त्यांना थांबावं लागलं नाही.

डोळ्याचं वाचलं आणि धोबीखान्याच्या पायरीवर बसून रडले. तुला दिसतंय, याचा मला फार आनंद आहे. पण आई, तू मला विचारलं असतंस तर मी वर्षभर भाड्याची हत्यारं वापरली असती आणि वर तुझ्याशी भांडले असते की आधी का नाही सांगितलंस. मला कुणी विचारलंच नाही. तेव्हा तुझ्या डोळ्याचं मला कळू द्यायचं नव्हतं, आणि आता बाबांचे दिवे झाकायला तोच डोळा तू पुढे केलास. बाबांची किळस मला कधीच आली होती. तुझी येऊ नये म्हणून मी हे पत्र चार दिवस लिहिलं नाही.

पैसे पाठवणार नाही. माफी लिहिणार नाही. परवा मामा येऊन सही करून गेले, पुढची रक्कम माझ्या एकटीच्या खात्यात येईल. गाडीचा बयाणा बुडू दे.

शिकून झाले की हप्ते मी भरीन. तुझ्या डोळ्याचे भरीन, त्या खोट्या छताचे भरीन, ज्या दिव्यांखाली मी एकदाही बसले नाही त्यांचेही भरीन. बाबांना त्यासाठी कुणी बोलावणार नाही, कर्जाच्या कागदांवर त्यांची सही कुठेच नाही. तू लिहिलंस, घरात तुझं काय नि माझं काय. त्या घरात एकच गोष्ट माझ्या एकटीची आहे, आई. कर्ज.

डोळ्यात औषध वेळेवर घालत जा.
तुझी मुलगी