काशीत सोडलेली साखर

वडगाव निंबाळकर,
सोमवार

ती. सिंधुआत्यास,

निकिताचा वाकून नमस्कार. वाकल्यावर तू पाठीत जो धपाटा घालतेस तोही पोचला असं समजते. निरवांगीत सगळे बरे असतील. मामांचा खोकला, तुझी कंबर आणि लंगडणारी म्हैस, तिघांचं कसं काय ते कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून बाकीचे.

आधी एक चूक दुरुस्त करते. परवा फोनवर मी तुला सांगितलं की काशीत मी वांगं सोडलं. ते खरं नाही. मी साखर सोडली. वांगं म्हणायला आबांनी सांगितलं होतं, ते शेजारीच उभे होते, आणि तुझा फोन कायम स्पीकरवर (मामांसकट अख्खा गोठा ऐकतो), म्हणून मला तिथल्या तिथे खरं बोलता आलं नाही. वर तू म्हणालीस, "बरं झालं, वांग्यानं वात हुतो." म्हणजे खोट्याला तुझा आशीर्वादही मिळाला. तेव्हापासून मला झोप नाही.

तर झालं असं. आजी-आबांना काशी घडवायची आणि हिंदी पाट्या वाचायला व फोन चालवायला कुणीतरी हवं, म्हणून मला बरोबर धाडलं. दौंडला गाडीत बसल्यापासून आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की माझं नाव प्रयागबाई, पण उभ्या जन्मात प्रयाग बघितलं न्हाय. गाडी प्रयागला थांबली तेव्हा ती घोरत होती. (उठवलं नाही म्हणून अजून माझ्याशी धड बोलत नाही. उठवलं असतं तरी बोलली नसती.)

काशीत देवळं इतकी की आजीचे हात जोडलेलेच राहिले, मोकळे करून पुन्हा जोडायला उसंतच नव्हती. आबा प्रत्येक देवळाच्या पायरीवर विचारायचे, "हितला मुख्य कोण?" जणू सोसायटीच्या कचेरीत काम घेऊन आलोय. काळभैरवाच्या देवळात पुजारी मोरपिसांच्या कुंच्याने पाठीवर मारतो, त्याने म्हणे बाधा जाते. आजीने पाठ झाल्यावर लुगडं सावरून गुडघा पुढे केला. "हितं बी मार बाबा, लय ठणकतोय." मागची रांग तुंबली. त्याने बिचाऱ्याने मारलं, तर हिने दुसरा गुडघा काढला.

विश्वनाथाला वाहायला बाहेर दूध विकत मिळतं. मी डेअरीत दुधाचं फॅट तपासते हे तुला माहीत आहे. ते दूध भांड्यातून ओघळताना बघूनच मला घाम फुटला. आपल्या केंद्रावर कुणी असलं आणलं असतं तर मी कॅनसकट परत पाठवलं असतं, आणि इथे ते देवाच्या डोक्यावर? हे पाप आपल्याला लागेल, असं मी रांगेतच आबांना म्हटलं. आबा म्हणाले, "आगं, त्यानं हलाहल पचवलंय. हे बी पचंल. तू पुढं सरक."

मग आलं सोडण्याचं. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ गंगेवर सोडायचा आणि जन्मभर तोंडात घालायचा नाही, हे तुला मी काय सांगू. (तू गेलीस तेव्हा फणस सोडलास. निरवांगीत फणस कधी आला होता, ते मी विचारत नाही.) घाटावरचे गुरुजी मराठी बोलणारे होते, पण घाईत होते. आबांनी ओंजळीत पाणी घेऊन ड्रॅगनफ्रूट सोडलं. गुरुजींनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "फळ हाय. लय महाग असतंय." त्याची चव त्यांना आजही माहीत नाही. आजीने कारलं सोडलं. तिच्या शुगरसाठी आई रोज सकाळी तिला कारल्याचा रस पाजते, तो असा गंगार्पण झाला. आता आई पेला घेऊन आली की आजी डोळे मिटून "हर हर गंगे" म्हणते.

राहिले मी. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आबांनीच शिकवली, पाटाकडेच्या ओल्या मातीत काडीने. तिथेच हेही शिकवलं की देवाला द्यायचं ते जिवाभावाचं द्यायचं, आणि दिलेलं माघारी मागायचं नाही. हे मनावर फक्त मी घेतलं, शिकवणाऱ्यानेसुद्धा नाही. गुरुजी घाई करत होते, ओंजळीतलं पाणी गळत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साखर". आबांच्या हातातला तांब्या गंगेत गेला. तो काही परत आला नाही.

आबांचं म्हणणं, साखर कारखान्याच्या सभासदाच्या नातीनं साखर सोडली हे गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. त्यात येत्या रविवारी माझा साखरपुडा. लोणी भापकरची मंडळी येणार, राजवर्धनची आई आपल्या हाताने माझ्या तोंडात साखर घालणार, त्याशिवाय लग्न ठरलं असं ते धरत नाहीत. आई म्हणते गूळ घालू. पण गूळही त्याच उसाचा, ती पळवाट झाली. आबांनी वेगळाच तोडगा काढलाय. पुड्यात रवा भरायचा. "पांढरं ते पांढरं. चिमटीत कुणाला कळतंय?" आणि विहीणबाईंनी स्वतः चाखला तर? तर त्यांना बोलूच द्यायचं नाही, वाजंत्री सुरू करायची. म्हणजे आत्या, माझं लग्न कच्च्या रव्यावर ठरणार.

थोरांना नमस्कार, लहानांना माझ्या वाटची साखर.

तुझी,
निकिता

ता. क. : तू येच. तुझ्यापुढे आबाही आवाज चढवत नाहीत. विहीणबाईंची चिमूट वर आली की तू मोठ्याने म्हणायचं, "पोरीनं काशीत साखर सोडलीया, तोंडात घालाल तर पाप तुमाला." बैठक आपोआप मोडेल.

दुसरा ता. क. : "मोडेल" हे चुकून लिहिलेलं नाही. उलट "तोंडून निघून गेलं" असं जे वर लिहिलंय ते दुरुस्त करून वाच. दौंड सोडल्यापासून मी तोच शब्द घोकत होते. राजवर्धन बघायला आला तेव्हा त्याने मला एकच विचारलं, तुमच्या उसाला ड्रिप हाय का. आणि जाताना आबांना सांगून गेला की लग्नानंतर हिची डेअरी बंद. आबा हो म्हणाले. गावातल्या बड्या बड्यांचं दूध परत पाठवताना माझी जीभ अडखळत नाही, घरात मात्र टाळ्याला चिकटते. मग वाटलं, साखरच नसेल तर साखरपुडा कशाचा करतील? रव्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसरा ता. क. : पहिला ता. क. खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडात धरून आधी वाचतेस. ते काही म्हणू नकोस. देवाच्या आडून नाही म्हणणं हे ड्रॅगनफ्रूट सोडण्यासारखंच आहे. साखर सुटली ती सुटलीच, चहा मी आता बिनसाखरेचाच पिते (भयंकर लागतो). पण नकार माझ्या तोंडाने, पुडा बांधायच्या आत द्यायला हवा. तू फक्त गुरुवारी संध्याकाळी मुक्कामाला ये आणि सकाळी आबांच्या शेजारी बस. काही बोलू नकोस, जमलं तर. आबांना मीच सांगणार आहे, शुक्रवारी, धारा काढून झाल्या की, पहिल्या चहाला.